करडईचे नाव एक, तेले दोन

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, कर्नाटकच्या हद्दीला अगदी चिकटून, अक्कलकोट तालुक्यातले दुधनी हे बाजाराचे गाव आहे. एका बाजूला आळंद, दुसऱ्या बाजूला अफजलपूर. गावात मराठी, कन्नड आणि आपली दखनी या तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. त्यामुळे एकाच धान्याला इथे तीन नावे मिळतात. मराठी शेतकरी जिला करडई म्हणतो, तिला कन्नड बोलणारा कुसुबी म्हणतो. उर्दूत ती कुसुम होते आणि अरबीत उस्फुर. हदीसमध्ये 'मुअस्फर' कपड्यांचा उल्लेख येतो आणि पुरुषांना ते घालण्यास मनाई केलेली आहे. ते कपडे म्हणजे याच करडईच्या फुलांनी रंगवलेले. आज आपण करडईला तेलासाठी ओळखतो, पण पूर्वीच्या जगात तिची किंमत रंगासाठी होती.

दुधनीचा बाजार मुख्यतः तुरीचा. उडीद, मूग, हरभरा यांचीही आवक असते. करडईची पोती रब्बीची काढणी झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चपासून दिसू लागतात आणि तीही आता थोडीच. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर, कलबुर्गी, विजयपूर हा एके काळी देशातला करडईचा मुख्य पट्टा होता. देशभरात काही लाख हेक्टरांवर असणारे हे पीक आता एक लाख हेक्टरांच्या आत आले आहे. तरी ज्या घरांत करडईच्या तेलाची चव बसली आहे, ती घरे अजून घाण्यावरून डबा भरून आणतात.

बाजारात करडईचा सौदा कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. पोत्यातून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे, माती-काडी किती आहे ते बघायचे, ओल जाणवते का ते चाचपायचे आणि भाव बोलायचा. सरकारचा हमीभावही सगळ्या करडईला एकच असतो. 2025-26 च्या रब्बी विपणन हंगामासाठी तो क्विंटलला 5,940 रुपये होता. दाण्याच्या आत काय आहे, हा प्रश्न या व्यवहारात कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की करडईच्या बाबतीत सगळी गोम त्या न विचारलेल्या प्रश्नातच आहे. शेतकऱ्याचे नुकसान तिथे होते आणि आपल्या स्वयंपाकघराची फसगतही तिथेच होते.

करडईचा दाणा दाताखाली फोडून पाहा. बाहेर पांढरे, टणक, लाकडासारखे टरफल आणि आत छोटीशी गरी. तेल सगळे गरीत असते, टरफलात जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या जुन्या वाणांत दाण्याच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग टरफलाचा असतो. म्हणून त्यांच्यात तेल साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या आसपास राहते. अमेरिका आणि मेक्सिकोत पातळ टरफलाचे वाण निवडत निवडत हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत नेले गेले. आता हिशेब करा. शंभर किलो दाण्यात एकाकडे 28 किलो तेल आहे आणि दुसऱ्याकडे 35 किलो. फरक सात किलो तेलाचा. पण काट्यावर दोघांचे वजन शंभरच भरते आणि दोघांना पट्टी सारखीच मिळते. मग जास्त तेलाचा वाण पेरण्याची तसदी शेतकरी का घेईल?

सोलापुरात या पिकावर मोठे काम झाले आहे. 1933 साली सुरू झालेले तिथले कोरडवाहू शेती संशोधन केंद्र म्हणजे पाऊस कमी पडणाऱ्या भागात शेती कशी करावी, याचा विचार करणारे देशातले एक जुने ठिकाण. तिथून 1982 च्या सुमारास 'भीमा' हा वाण आला. नाव आपल्याच नदीचे. कमी ओलाव्यावर तग धरणारा म्हणून तो या भागात घरोघरी गेला. पलीकडे धारवाड भागातल्या अण्णिगेरीचा 'ए-1' हा वाणही सीमा ओलांडून इकडे रुजला. फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. बिनकाट्याची करडई हा तिथल्या कामाचा ध्यास होता. त्यांचा 'नारी-6' हा बिनकाट्याचा वाण. त्यात तेलाचे प्रमाणही जुन्या वाणांपेक्षा जास्त आहे आणि काटे नसल्यामुळे फुलांच्या पाकळ्या हाताने खुडता येतात. त्या पाकळ्यांचा चहासुद्धा होतो.

काटे हा विषय साधा नाही. करडई काढायची म्हणजे हातापायांना कापड, पोत्याचे तुकडे गुंडाळायचे आणि पहाटे दव असतानाच रानात जायचे, कारण ओलसर काटा जरा मऊ असतो. ऊन चढले की काम थांबले. हे काम प्रामुख्याने बायकांच्या वाट्याला आले. नंतर मजूर मिळेना, हरभऱ्याला बरा भाव मिळू लागला, बाहेरून स्वस्त पामतेल आले आणि करडई मागे पडली. आजही भारत आपल्या गरजेच्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो, आणि घरचे तेल रानातून निघून गेले आहे.

पण जुन्या शेतकऱ्याने काटेरी, जाड टरफलाची करडई उगाच जपली नव्हती. शाळू ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईचे तास टाकले की गुरे आत शिरत नाहीत. पक्षी दाणा फोडू शकत नाहीत. पातळ टरफलाचा दाणा मळणीत फुटतो, साठवणीत लवकर खराब होतो. तेव्हा 'जुने ते निकृष्ट' असे म्हणून चालणार नाही. घरचे बी वर्षानुवर्षे राखल्यामुळे एकाच शेतातल्या झाडांतही फरक असे. कुणाचे फूल पिवळे, कुणाचे वाळताना लाल होणारे. कुणाचा दाणा ठोसर, कुणाचा बारीक. वरून दिसणारे हे फरक शेतकरी ओळखत होता. आतला एक फरक मात्र कुणालाच दिसत नव्हता, आणि तो सर्वांत मोठा निघाला.

तो समजून घेण्यासाठी तेलाच्या पोटात थोडे शिरावे लागेल. कोणतेही तेल वेगवेगळ्या स्निग्धाम्लांचे बनलेले असते. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे 75 टक्के लिनोलिक नावाचे आम्ल असते. त्याला ओमेगा-6 असेही म्हणतात. ओलिक आम्ल जेमतेम 15 टक्क्यांपर्यंत आणि उरलेले बहुतेक तुपासारखे गोठणारे, म्हणजे संपृक्त. लिनोलिक आम्ल शरीराला हवे असते, ते शरीर स्वतः बनवू शकत नाही. पण त्याचा एक स्वभाव आहे. हवा आणि उष्णता लागली की ते लवकर बिघडते, एकमेकांना चिकटते, घट्ट होत जाते.

याचा पुरावा आपल्या ओट्यावरच असतो. करडईच्या तेलाच्या बाटलीचे तोंड, कढईचा काठ, शेगडीमागची फरशी यांवर काही दिवसांनी जो चिकट, पिवळा, घासून न निघणारा थर बसतो, तो म्हणजे वाळलेले लिनोलिक. रंगाच्या कारखान्यांनी करडईचे तेल वापरले ते याच गुणासाठी. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे 'रोगन'. पेशावरकडचे आफ्रिदी कारागीर करडईचे तेल तासन्‌तास उकळून थंड पाण्यात ओतत. त्याचा लगदा व्हायचा, आणि त्यात रंग घालून ते कापडावर नक्षी काढत. कच्छच्या निरोणा गावातले खत्री कुटुंब आजही रोगनकाम करते, फक्त त्यांचे तेल एरंडाचे असते. कापडावर जे हवे ते पोटात नको, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे समजायला सोपे जाईल.

1957 मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान-नियतकालिकात हॉरोविट्झ आणि विंटर यांनी एक छोटी नोंद छापली. करडईचे असे एक तेल मिळाले होते की ज्याचे आयोडीन मूल्य नेहमीपेक्षा खूपच कमी होते. आयोडीन मूल्य हे तेल किती लवकर 'वाळेल' याचे एक माप आहे. जितके मूल्य जास्त, तितके तेल नाजूक. कॅलिफोर्निया विद्यापीठातले करडईतज्ज्ञ पॉल्डेन नोल्स यांनी या धाग्याचा पाठपुरावा केला. 1963 मध्ये त्यांनी मुतवक्किल या सहकाऱ्यासह दाखवून दिले की हा गुण पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो. त्या बियांच्या निवडी होत्या भारतातल्या करडईच्या. आपल्याच देशाच्या रानात, वरून इतरांसारखीच दिसणारी काही झाडे अशी होती की त्यांच्या तेलात लिनोलिक आणि ओलिकची अदलाबदल झालेली होती. ओलिक पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर आणि लिनोलिक पंधराच्या आसपास. आणि हा एवढा मोठा बदल मुख्यतः एकाच जनुकामुळे.

नोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून 'यूसी-1' हा वाण तयार करून 1965 च्या सुमारास जाहीर केला. पुढे अमेरिकेत जास्त ओलिकची करडई हे एक वेगळेच पीक झाले. तिथल्या दुकानांत त्याच्या बाटल्या वेगळ्या भावाने विकल्या जातात. बी इकडचे, बाजार तिकडचा. मला याचा राग येण्यापेक्षा वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. नोल्सनी ते बी पळवून नेले नाही, त्यांनी ते मोजले. आपल्याकडे ते बरीच वर्षे कुणी मोजले नाही.

ओलिक हा शब्द कुठून आला, तेही सांगते. तेलाचा लॅटिन शब्द 'ओलेउम', आणि त्याचे मूळ ऑलिव्हमध्ये, म्हणजे आपल्या जैतूनमध्ये. अरबीतही तसेच: जैतून आणि जैत, फळ आणि तेल. जैतूनच्या तेलाचा मोठा हिस्सा ओलिकचाच असतो. जैतूनबद्दल आपल्या घरांत किती आदर आहे, हे सांगायला नको. हज-उमऱ्याहून येणारे पाहुणे खजुरांबरोबर त्याची बाटली आणतात आणि ती जपून जपून वापरली जाते. जास्त ओलिकची करडई जैतून होत नाही. जैतूनच्या तेलातला वास, त्यातला किंचित कडूपणा आणणारे घटक, त्याची बरकत करडईत येणार नाही. पण स्निग्धाम्लांपुरते बोलायचे तर ती त्याच्या फार जवळ जाते, आणि ती दुधनीच्या काळ्या मातीत पावसाशिवाय नुसत्या ओलाव्यावर उगवू शकते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. 'करडईचे तेल हृदयाला चांगले' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वर्षांपासून ऐकू येते की ते कुणी तपासत नाही. त्यामागे आधार आहे: लोणी, वनस्पती तूप यांच्या जागी लिनोलिकयुक्त तेल वापरले तर रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते. पण ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत 1966 ते 1973 या काळात एक चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका किंवा तसा त्रास होऊन गेलेल्या 458 पुरुषांपैकी निम्म्यांना लोणी वगैरे कमी करून करडईचे तेल आणि करडईचेच मार्गारीन दिले गेले. तिची पूर्ण आकडेवारी शोधून काढून 2013 मध्ये रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पुन्हा मांडली. करडई घेणाऱ्यांत 17.6 टक्के माणसे दगावली होती, न घेणाऱ्यांत 11.8 टक्के. कोलेस्टेरॉल उतरले होते, तरीही. या निष्कर्षावर आक्षेपही आले. मार्गारीनमध्ये घातक ट्रान्स चरबी असू शकते, एकाच चाचणीवरून निकाल देऊ नये, हे आक्षेप रास्त आहेत. तेव्हा उद्यापासून करडई बंद, असा अर्थ कुणी काढू नये. पण त्या चाचणीतली करडई जास्त लिनोलिकची होती, हे विसरून 'करडई चांगली' किंवा 'करडई वाईट' असे म्हणणेच चुकीचे आहे. कुठली करडई, हा पहिला प्रश्न.

घाण्यावर मिळते ती बहुधा जुन्या प्रकारची, जास्त लिनोलिकची. तिला तिच्या स्वभावाप्रमाणे वापरावे. फोडणी, सालन, पातळ भाजी, चटणीवर कच्चे तेल घालायला ती उत्तम. ई जीवनसत्त्वही तिच्यात भरपूर असते. ज्वारीच्या कडक भाकरीवर शेंगाची चटणी आणि वर करडईच्या तेलाची धार, हे सोलापूरच्या माणसाला दुसऱ्या तेलावर पटतच नाही. मात्र तळणासाठी, आणि विशेषतः तेच तेल पुन्हा पुन्हा तापवण्यासाठी, ती योग्य नाही. रमजानमध्ये आपल्याकडे इफ्तारीची भजी, समोसे रोज तळले जातात आणि कालचे तेल आज वापरले जाते. महिनाभर अशी एकच कढई फिरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून हॉटेले व खाद्यव्यावसायिकांसाठी नियम केला की वापरलेल्या तेलातले बिघडलेले घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते फेकावे. घरात मोजायचे यंत्र नसते. तेल काळवंडले, फेस धरू लागले, घट्ट झाले की त्याचा मोह सोडावा. तळणाला शेंगतेल किंवा जास्त ओलिकचे तेल बरे. करडईत ओमेगा-3 जवळजवळ नसते, म्हणून एकाच तेलावर वर्ष काढू नये. राष्ट्रीय पोषण संस्थाही तेले आलटूनपालटून वापरण्यास सांगते. जवसाची चटणी आपल्या भागात आहेच, ती ती उणीव भरून काढते.

आणि डबा लहान आणावा. पाच लिटरचा डबा चार महिने पुरवण्यात काटकसर नाही. खवट वास आलेले तेल औषधाला ठेवू नये, असे आमच्या दादी म्हणत. त्यांना लिनोलिक ठाऊक नव्हते, पण नाक पक्के होते.

दुकानातून बाटली घेत असाल तर लेबलाची मागची बाजू वाचा. आपल्या अन्न कायद्यात साध्या करडईच्या तेलाचे आणि जास्त ओलिकच्या करडईच्या तेलाचे निकष वेगळे आहेत. साध्याचे आयोडीन मूल्य साधारण 135 ते 148 आणि दुसऱ्याचे 80 ते 100. एवढा फरक म्हणजे जवळपास दोन वेगळी तेलेच. लेबलावर एकसंपृक्त नसलेली आणि बहुसंपृक्त नसलेली असे दोन आकडे दिलेले असतात. पहिला मोठा असेल तर ते ओलिकचे, दुसरा मोठा असेल तर लिनोलिकचे. 'करडईयुक्त' असे पुढे मोठ्या अक्षरांत आणि मागे बारीक अक्षरांत तांदळाच्या कोंड्याचे तेल, असेही आढळते. मिश्र तेल वाईट नसते, पण आपण कशाचे पैसे देतो ते कळले पाहिजे. माप आणि तोल यांत खोट करणाऱ्यांबद्दल कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, तेव्हा या बाबतीत चौकसपणा हा आपल्याला परका नाही.

हे फक्त करडईचे नाही. उत्तर भारतात मोहरीची तीच कथा आहे. मोहरीच्या तेलात इरुसिक नावाचे आम्ल चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत असते आणि पेंडीत गुरांना न मानवणारे घटक. कॅनडात डाउनी आणि स्टेफन्सन यांनी मोहरीच्याच कुळातल्या झाडांमधून हे दोन्ही कमी असलेली झाडे निवडली. 1974 मध्ये त्यांचा 'टॉवर' वाण आला आणि त्यातून कॅनोला उभे राहिले. दिल्लीच्या पूसा संस्थेनेही इरुसिक कमी असलेली मोहरी दिली आहे. कॅनडाला यश आले त्यामागे एक कारण असे की तिथे दाणा नुसता जोखला जात नाही, तपासलाही जातो.

हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने अलीकडे जास्त ओलिकचे करडईचे वाण तयार केले आहेत. म्हणजे बी घरी परतले आहे. ते दुधनीच्या शिवारात टिकवायचे तर दोन अडचणी आहेत. पहिली बाजाराची. तपासणी न करता मूठभर दाणे बघून भाव ठरणार असेल, तर ओलिकची करडई साध्या करडईच्या ढिगात जाऊन पडेल. दुसरी अडचण रानातली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. करडईवर मधमाश्या खूप येतात. जास्त ओलिकचा गुण दबता आहे, शेजारच्या साध्या करडईचे पराग आले की पहिल्याच पिढीत तो झाकला जातो. दोन-तीन एकरांच्या तुकड्यांत वाटलेल्या गावात एकट्याने हा वाण पेरून उपयोग नाही. बांधापलीकडचा शेतकरीही तोच वाण पेरायला राजी हवा, आणि बी दरवर्षी खात्रीच्या ठिकाणाहून आणावे लागेल.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करडईची पेरणी होते. त्याआधी गावातल्या शेतकरी गटाने, शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा एखाद्या तेलघाणेवाल्याने वीस-पंचवीस लगतच्या शेतांत एकच वाण ठरवला, आणि काढणीनंतर प्रत्येक शेतकऱ्याचा अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत पाठवून तेलाचे प्रमाण आणि आयोडीन मूल्य काढून घेतले, तर अडत्यापुढे बसताना हातात मूठभर दाण्यांबरोबर एक कागदही असेल.